गडग्यापलीकडचा आवाज

राजेंद्र मर्चंडे हा माणूस सखारामला नेमका किती माहीत होता, असं कोणी विचारलं तर उत्तर दोन वाक्यांत संपेल. दोघांच्या घरांमध्ये जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा होता आणि त्यावरून मिठापासून शिडीपर्यंत सगळं इकडून तिकडे जात होतं. पण राजेंद्र मुंबईत कुठल्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता, नोकरी सोडून पावस गावाजवळच्या या वाडीत परत का आला, एकटा बसलेला असला की कसला विचार करायचा, हे सखारामने कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटायचं, पण गडग्यापर्यंत जाईतो धीर गळायचा. गेल्या फेब्रुवारीत राजेंद्र वारला. जलदानविधीच्या दिवशी विहारात शोकसभा झाली, एकेक जण उठून बोलला. "भाऊसाहेब, तुम्ही शेजारी, तुम्ही दोन शब्द बोला," म्हणून सखारामलाही उभं केलं. तो "माणूस चांगला होता" एवढं पुटपुटला आणि खाली बसला.

जे त्याला खरोखर माहीत होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. त्याला राजेंद्रचा हेवा वाटायचा. आणि तो आज-कालचा नव्हता.

राजेंद्रचा धंदा लाउडस्पीकरचा. घराच्या पडवीत दोन मोठे कर्णे, चार खोकी, वायरींची भेंडोळी आणि भिंतीवर निळ्या रंगात 'तेजल साउंड'. तेजल त्याची एकुलती एक मुलगी. लग्न असो, जयंती असो, क्रिकेटचे सामने असोत, माइकवर राजेंद्रच. आणि तो हमखास घोटाळा करायचा. एकदा तर लग्नात नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचं नाव पुकारलं. थोरल्याची बायको शेजारीच बसलेली. अख्खा मांडव पोट धरून हसला, आणि जेवणाच्या पंगतीला नवऱ्याच्या बापाने राजेंद्रला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. सखारामने जिल्हा परिषदेत कारकुनी केली. नोकरीभर त्याच्या हातून एक नाव चुकलं नाही. त्याला हाताला धरून कोणी कुठे बसवल्याचं त्याला आठवत नव्हतं. लोक त्याला मानाने भाऊसाहेब म्हणायचे आणि मानानेच दोन हात लांब बसायचे. नुसतं 'भाऊ' म्हणणारा एकटा राजेंद्र. त्याचीही सखारामला गंमत वाटायची नाही. वाटायचं, याला कोणाची भीती म्हणून नाही.

तेजल बारावी झाली आणि पुण्याकडच्या एका कॉलेजात तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा राजेंद्र गडग्यावरून उडी मारूनच आला होता. सखारामचा मुलगा हर्षद त्याआधी इंजिनिअर झालेला, तोही शैक्षणिक कर्जावर. ते कर्ज सखारामने एकट्याने उभं केलं होतं आणि हर्षदने नोकरी लागल्यावर वेळच्या वेळी फेडलं होतं. तेव्हा राजेंद्रला बँकेत घेऊन जाणं सखारामकडेच आलं. रक्कम मोठी म्हणून बापाच्या सहीबरोबर जामीनदारही लागत होता. सखाराम राहिला. ती सही करताना त्याने दुसऱ्यांदा विचार केला नाही. शेजाऱ्याची मुलगी इंजिनिअर होणार, त्यात आपला मुलगा आधीच झालेला. हे त्याला सोसण्यासारखं होतं.

सोसलं नाही ते पुढचं.

वर्षभराने, जुलैत, सखाराम संध्याकाळी पडवीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. राजेंद्रला फोन कानाला लावून बोलायची सवय नव्हती. स्पीकर चालू करून तो फोन तोंडासमोर माइकसारखा धरायचा. त्यामुळे पलीकडचं बोलणं वाडीला ऐकू जायचं.

"बाबा, रागावणार नाय ना?" तेजलचा आवाज आला.

"पैलं सांग तरी काय ते."

"मी पास झालंय. पण मला इंजिनिअरिंग नको. मला नर्सिंगला जायचंय."

मैत्रिणीला डेंगू झाला होता, तिच्या उशाशी आठ दिवस हॉस्पिटलात काढले, तेव्हापासून मन दुसरीकडे लागेना, असं ती सांगत राहिली. प्रवेश परीक्षा दिली होती. कोल्हापूरच्या कॉलेजात नंबरही लागला होता.

सखारामने झारी खाली ठेवली. आता पलीकडून आरडाओरडा होणार असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर तो त्याची वाटच बघत होता. मग राजेंद्र म्हणाला, "म्हंजे तू शिस्टर होणार?"

"हो."

"दमे! ये दमे! चूल ठेव बाजूला नि भायेर ये! आपली तेजल शिस्टर होणार हाय!"

त्याची बायको दमयंती हात पुसत बाहेर आली. दोघं हसत होती, फोनमधून मुलगी रडत-हसत होती. राजेंद्रला गडग्याअलीकडे सखाराम दिसला तसा तो ओरडला, "भाऊ, ऐकलंत काय वो? हॉस्पिटलात मी वीस वर्सं काढली. डॉक्टर येतो नि जातो. दुखायला लागलं की पेशंट हाक मारतो ती शिस्टरला. आता माझ्या पोरीला हाक मारतील!"

"बरं झालं," सखाराम म्हणाला आणि झारी उचलून आत गेला. आतून काहीतरी कुरतडायला लागलं होतं. मुलीने अर्ध्यात सोडलं त्याचं त्याला काही नव्हतं. तिने ते सगळ्यात आधी बापाला सांगितलं, आणि बाप हसला. हर्षदने त्याला असं काही कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगण्यासारखं काही होतं की नव्हतं, हेही सखारामला ठाऊक नव्हतं.

वाडीतली मोठी गोष्ट मंडळाला विचारल्याशिवाय होत नाही. गावमंडळ ठरवतं, मग मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मुंबई मंडळाचा होकार घेतात. पूर्वी त्यासाठी मे महिन्यात चाकरमानी येईपर्यंत थांबावं लागे. आता फोन आहे. तेजल पुण्याला निघाली तेव्हा दोन्ही मंडळांनी तिला शिक्षणनिधीतून मदत केली होती, विहारासमोर बॅनर लावला होता. तेव्हा कोर्स बदलायचा तर मंडळाला विचारायला हवं, हे राजेंद्रने आपणहून धरलं. रविवारी विहारात सभा भरली. राजेंद्रने खास माइक लावला आणि मुंबई मंडळाचे अध्यक्ष फोनवर आले की फोन माइकला टेकवायचा, अशी व्यवस्था केली. इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे सखाराम. त्याचं अक्षर चांगलं.

गावमंडळातला शिवा पहिला उठला. "इंजिनिअर म्हणून आमी बॅनर लावला. आता काय करायचं त्याचं?"

"फोटो ऱ्हाऊ दे की. खालचं अक्षर तेवढं बदल," राजेंद्र माइकवरून म्हणाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"आणि आमी ज्या बाकीच्या पोरांना सांगतो की तेजलसारखं शिका..."

"तेच सांग. तेजलसारखं बापाला इचारा म्हणावं."

हे वाक्य सखारामने इतिवृत्तात घेतलं नाही. पण पेन तिथे क्षणभर अडलं.

मुंबईचे अध्यक्ष बोलायला लागले तसा कर्णा शिटी मारायला लागला. "मर्चंडे, माइक लांब धरा, माझाच आवाज मला ऐकू येतोय," असं ते ओरडले आणि त्या गोंधळातच त्यांनी होकार देऊन टाकला. 'कु. तेजल राजेंद्र मर्चंडे हिने अभ्यासक्रम बदलण्यास सर्वानुमते मंजुरी', असा ठराव सखारामने वळणदार अक्षरात लिहिला. सगळ्यांना विचारलं गेलं. मुंबईला विचारलं, शिवाला विचारलं, लाकडाच्या वखारीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं. बँकेचं नाव त्या सभेत कोणी काढलं नाही. मुंबई मंडळाने होकार दिल्यावर आणखी कोणाला विचारायचं राहतं, हे वाडीत कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. सखारामच्याही आलं नाही. हर्षद ज्या वर्गात बसला त्याच वर्गातून बाहेर पडला होता; तो प्रश्नच कधी उद्भवला नव्हता.

ऑगस्टच्या सुरुवातीला कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा दोघं एसटीने रत्नागिरीला बँकेत गेले. राजेंद्रने नवा शर्ट घातला होता. कर्ज विभागातल्या मॅडमसमोर त्याने नर्सिंग कॉलेजचं प्रवेशपत्र ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, यंदाचा हप्ता पुण्याला नको, कोल्हापूरला पाठवा."

मॅडमनी कागद बघितला, मग संगणकात बघितलं, मग चष्मा काढला. "काका, हे कर्ज त्या कॉलेजातल्या त्या अभ्यासक्रमाला मंजूर झालेलं आहे. मुलीने तो सोडला?"

"सोडला नाय, बदलला."

"बँकेच्या दृष्टीने सोडलाच. कळवलं का नाही?"

"कळवलं की सगळ्यांना," राजेंद्र म्हणाला आणि पिशवीतून ठराव काढला. मॅडमनी तो पूर्ण वाचला. "अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. सखारामला क्षणभर बरं वाटलं. "पण याचा इथे उपयोग नाही."

"मुंबई मंडळाची मंजुरी हाय त्याच्यात!"

"असू दे. बँकेची हवी होती. आणि आधी हवी होती."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. जुन्या कर्जाचे पुढचे हप्ते थांबणार. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर वर्षभर परतफेड नसते, ती मुभा इंजिनिअरिंग सोडलं त्या दिवसापासून धोक्यात. व्याजावर सरकारी सूट मिळत होती तीही मध्येच सोडणाऱ्याला मिळत नाही. नवा अभ्यासक्रम कर्जाला पात्र आहे, कॉलेजला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे, प्रवेश गुणवत्तेवर झालाय, हे चांगलं. पण त्यासाठी नव्याने प्रस्ताव करायचा. कारण लिहून द्यायचं, पहिल्या वर्षाचा निकाल जोडायचा. मोठ्या ऑफिसातून मंजुरी आली तर जुनी रक्कम नव्यात धरून पुढचं देता येईल. "आणि जामीन नव्याने लागेल. हे जुन्या कराराला बांधलेले आहेत, नव्याला नाहीत. जामीनदार हेच राहणार का?"

"हेच. भाऊ आमच्या घरातलेच," राजेंद्र म्हणाला. सखारामकडे त्याने वळूनही बघितलं नाही.

सखारामची कानशिलं तापली. साऱ्या वाडीला माइकवरून विचारलं. मला नाही विचारलं. "मी कागद घरी नेतो," तो म्हणाला. "वाचतो." कुठल्याही ऑफिसात एवढ्या ठाम आवाजात तो याआधी बोलला नव्हता.

"महिनाअखेर सीट जाईल हं," मॅडम म्हणाल्या.

कागद त्याच संध्याकाळी वाचून झाले. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. सही मात्र त्याने केली नाही. आपलं वय झालं, पेन्शन ती केवढी, जी मुलगी एकदा सोडते ती पुन्हा सोडेल, असली शहाणपणाची कारणं त्याने स्वतःला सांगून बघितली. पण खरं कारण त्याला ठाऊक होतं. राजेंद्रने यावं, पडवीत बसावं, मान खाली घालून म्हणावं, "भाऊ, एवढं करा." एकदा तरी. सगळं जग ज्याच्यासाठी धावतं त्याने एकदा आपल्यासमोर अडून बसावं. त्याला काय उत्तर द्यायचं तेही सखारामने मनात जुळवून ठेवलं होतं.

राजेंद्र रोज गडग्याशी येत होता. एकदा शिडी न्यायला, एकदा शिडी द्यायला, एकदा टोपलीभर अळू घेऊन. "काय भाऊ, जेवण झालं?" म्हणायचा. कागदाचं नाव नाही. तो जितका बोलेना तितका सखाराम आतून पेटत होता. दमयंतीने मात्र बोलणं टाकलं. तेजल सुट्टीला म्हणून आली होती, तिचा फोनवरचा आवाज आता घरातून यायचा, पण फार नाही.

एके सकाळी सखारामची बायको मालन नळावरून हंडा घेऊन आली आणि तो आदळूनच ठेवला.

"पेनातली शाई संपलीय का तुमच्या?"

"का?"

"का म्हणे! दमयंती नळावर रडत होती. तिनं नवऱ्याला सांगितलं, भाऊसाहेबांच्या पाया पडा, सीट जाईल पोरीची. तर तो काय म्हणाला ठाऊक आहे?"

सखाराम सावरून बसला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, भाऊ वाचतायत. आपल्यात कोणी वाचून सही केली काय कधी? मी बँकेला न इचारता घोळ घातला, तसा पुन्हा व्हायला नको म्हणून ते बघतायत. चूक मिळाली तर सांगतील, घाई करू नको त्यांना." मालनने पदराने मान पुसली. "आता वाचा. आणखी वाचा."

सखारामला समाधान वाटलं असं कोणी समजू नये. त्याला संतापच आला. इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघितली, तोसुद्धा या माणसाने असा घालवला. याच्यावर रुसायचीही सोय नाही. मग त्याने हर्षदच्या जुन्या फायलीत ठेवून दिलेले बँकेचे कागद काढले, मांडीवर पाट घेतला आणि जिथे जिथे खूण होती तिथे सही केली.

गडग्यावरून कागद घेताना राजेंद्र म्हणाला, "मिळाली काय वो चूक?"

"नाही. सगळं बरोबर आहे."

"बघ दमे! मी काय म्हटलं?" तो आत वळून ओरडला. मग कागद कपाळाला लावले आणि पिशवीत ठेवले.

मंजुरी यायला उशीर झाला. तोवरची फी मुंबई मंडळाने पुढे केली. म्हणजे त्या ठरावाचा काही उपयोग झालाच म्हणायचा, आणि त्यावरही राजेंद्र सभेत माइकवरून बोललाच. व्याजाची सूट मात्र गेली. इंजिनिअरिंगच्या वर्षाचं व्याज महिन्याच्या महिन्याला भरण्याची अट आली, म्हणून राजेंद्र लांजा-राजापूरपर्यंत कर्णे घेऊन जायला लागला. पण तेजल कोल्हापूरला गेली.

पुढची दोन-अडीच वर्षं रोज संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजायचा.

"बाबा, आज पैल्यांदा सुई टोचली."

"कोणाला गो?"

"बाहुलीला."

"रडली काय?"

"बाबा!"

कधी ती कुठल्या आजीबाईंनी तिला शिव्या दिल्या ते सांगायची, कधी मेसमधल्या आमटीचं. राजेंद्र आपल्या वेळच्या सिस्टरांच्या गोष्टी सांगायचा. गडग्याअलीकडे सखाराम पेपर उघडा धरून बसायचा. "तुमची खुर्ची रोज वीतभर तिकडे सरकते," मालन एकदा म्हणाली, "उद्या गडग्यावर मांडा." त्याने पेपरचं पान उलटलं. ऐकायला आवडायचं आणि ऐकताना पोटात दुखायचं, दोन्ही एकाच वेळी.

त्याच्या घरी फोन रविवारी यायचा.

"पप्पा, गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"पैसे पोचले?"

"पोचले."

"ठेवू?"

"ठेव."

एका रविवारी सखारामने धीर केला. "हर्षद, तुला इंजिनिअरिंगच करायचं होतं काय रे?"

हर्षद म्हणाला, "आता ते कशाला, पप्पा?"

"असंच. आठवलं."

"इथे नेटवर्क नीट नाही. ठेवतो हं."

त्या रात्री सखारामला जेवण गेलं नाही. राजेंद्रला असं उत्तर कोणी दिलं नसतं, असं त्याला वाटत राहिलं. कदाचित दिलंही असेल. त्याला राजेंद्र कुठे माहीत होता!

फेब्रुवारीत पावसला एका लग्नात खांबावर कर्णा बांधताना राजेंद्र खाली बसला तो उठलाच नाही. रत्नागिरीला नेईपर्यंत संपलं होतं. तेजल आली. ती बापाच्या अंगावरची चादर दोन्ही बाजूंनी सारखी करत होती, कोपरे दुमडत होती, ते सखारामने दारातून पाहिलं. तिसऱ्या वर्षाची परीक्षा होती, म्हणून पंधरवड्याने ती परत गेली. 'तेजल साउंड'चे कर्णे आता शिवा चालवतो आणि व्याजापुरते पैसे दमयंतीच्या हातात आणून देतो. नव्या करारावर सखारामची सही आहे. ती असण्याची त्याला आता धास्ती वाटत नाही. संध्याकाळी तेजल आईला फोन करते. दमयंती फोन कानाला लावून बोलते. गडग्याअलीकडे काही ऐकू येत नाही.

राजेंद्र गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. फोन नुकताच संपला होता. तेजलला वॉर्डात पहिल्यांदा एकटीला रात्रपाळी लागणार होती, त्यावर बाप-लेक बराच वेळ बोलत होती. सखाराम पेपर घेऊन बसला होता. उजेड कधीच गेलेला. राजेंद्र वायर गुंडाळत गडग्याशी आला.

"भाऊ, फोनचा आवाज लय होतो काय वो? दमी म्हणते तुमाला तरास होतो. बारीक करू?"

"नको," सखाराम म्हणाला. "असू दे."

"नक्की ना?"

"हो. असू दे."

"बरं," राजेंद्र म्हणाला. "आत जावा आता. डास लय झालेत."